कचरापेटीत नसलेलं पत्र

आंधळ्याला आलेलं पत्र आधी घराला कळतं, मग शेजाराला, आणि उरलंसुरलं आंधळ्याला. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नसलं तरी सोपान साळव्याला बारा-तेरा वर्षांच्या अनुभवानं पाठ झालं होतं. पोस्टमन पत्र टाकून गेला की धाकटी भावजय बनुबाई ओट्यावर बसायची, पदराला हात पुसायची आणि खणखणीत आवाजात सुरू करायची. तेही सरळ नाही, सोपानच्या सासरी गेलेल्या लेकीचं पत्र असलं तरी. "‘बाबांना सप्रेम जयभीम. काकूला जयभीम.’ बघा, पोरीला माझी आठवण हाय. ‘इकडं पाणी एक दिवसाआड येतं.’ अगं बाई, मग धुणं कवा धुतीया ही?" तोवर शेजारच्या दोन बाया येऊन टेकलेल्या असायच्या. पत्रातलं पाणी, पत्रातला ताप, पत्रातली भाजी, सगळ्यावर चर्चा व्हायची. बनुबाई वाईट बाई नव्हती हो. बारा वर्षं दिराला वेळेवर भाकरी घालणारी बाई वाईट कशी म्हणायची? पण तिच्या हातात पडलेलं पत्र आणि चावडीवर लावलेली नोटीस यांत फरक नव्हता, हेही तितकंच खरं.

सोपान जन्माचा आंधळा नव्हता. दहावी पास होऊन नोकरी लागली नाही म्हणून बायकोबरोबर ऊस तोडायला जात होता. तिसाव्या वर्षी काचबिंदूनं आधी कडेकडेचं जग नेलं, मग मधलं. त्याच्या दुसऱ्या वर्षी बायको कडूबाई काविळीनं गेली. पदरात आठ वर्षांची ज्योती. भाऊ अजिनाथनं दोघांना आपल्या घरात घेतलं. पुढं पुण्याला अंधांसाठीचा टेलिफोन ऑपरेटरचा कोर्स झाला आणि श्रीरामपुरात एका कॉलेजच्या ऑफिसात राखीव जागेवर चिकटला. त्या कोर्सात ब्रेल शिकवायचा लई प्रयत्न झाला, पण कोयत्यानं घट्टे पडलेल्या बोटांना ते ठिपके लागेचनात. मास्तर म्हणाले, "साळवे, तुमच्या बोटाला दगड कळंल, ठिपका कळणार न्हाई." म्हणजे वाचणं तिथंच संपलं.

पण सत्त्याण्णव साली कॉलेजला देणगीत एक कॉम्प्युटर आला आणि त्याच्याबरोबर बोलणारा प्रोग्राम. पडद्यावर जे काय असेल ते हा प्रोग्राम वाचून दाखवी. आवाज परदेशी माणसाचा, नाकातून येणारा, भलताच घाईतला. सोपाननं त्याचं नाव ठेवलं फिरंगी. माउसचा सोपानला उपयोग शून्य. सगळा कारभार कळांवर. ही कळ दाबली की डेस्कटॉप, ती दाबली की मेनू, टॅब दाबत गेलं की पुढं, शिफ्ट धरून दाबलं की मागं. शिकवायला आलेला माणूस दोन दिवस थांबला आणि गेला. खरं शिकवलं ते ज्योतीनं. ती तेव्हा श्रीरामपुरातच कॉम्प्युटरच्या क्लासला जात होती. शनिवारी दुपारी क्लास सुटला की बापाच्या ऑफिसात यायची, शेजारी स्टूल ओढून बसायची आणि म्हणायची, "बाबा, आता डोळे मिटून सांगते, मंजी तुमच्यासारखं." आणि खरंच डोळे मिटून एकेक कळ शोधायची.

एका शनिवारी तिनं बापाला पत्र लिहिलं. समोर बसून! इंग्रजी अक्षरात मराठी. फिरंगीनं नीट उच्चार करावा म्हणून एकेक शब्द तीन-तीनदा बदलून बघितला. सोपाननं कानाला हेडफोन लावले आणि फिरंगी बोलायला लागला, "बाबा, तुमी काल जेवला न्हाई. काकूला वाटलं भाजी आवडली न्हाई. मला ठावं हाय काल आईचा दिवस हुता." सोपाननं तेच वाक्य पुन्हा ऐकलं. अहो, बायको गेल्याच्या तारखेला आपण जेवत नाही, हे त्यानं कुणालाही सांगितलं नव्हतं. आणि आता पोरीनं ते त्याला एकट्याला सांगितलं होतं, मध्ये कुणी नाही, ओट्यावर बाया नाहीत. त्यानं हेडफोन काढले, तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि म्हणाला, "परत लिव असं."

आता अडचण होती ती गोरक्षनाथ क्लार्कची. गोरक्षनाथ दुसऱ्याच्या ताटात काय वाढलंय ते बघितल्याशिवाय स्वतःचा घास न गिळणारा माणूस. सोपानला जे कानात ऐकू येई ते बाकीच्यांना ऐकू जात नसलं तरी पडद्यावर दिसे की! एकदा सोपाननं पडदाच बंद करून ठेवला, तर गोरक्षनाथ लगेच हजर. "साळवे, अंधारात काय चाललंय? आमाला बी दाखवा की." आणि दिलं बटण दाबून. शिवाय तो दुपारी त्याच कॉम्प्युटरवर टायपिंगला बसे आणि फायली उघडून बघत बसे.

यावर युक्ती काढली ज्योतीनं. "बाबा, मी पत्र लिवते आन पुसून टाकते. पुसलेली फाईल कचरापेटीत जाऊन पडते. तुमी तिथनं काढायची, वाचायची, परत पुसायची. कचऱ्यात कोण हात घालतंय?" आणि खरंच कुणी घातला नाही. आपल्याकडं कचरा म्हटलं की भलेभले नाक मुरडून बाजूला होतात; गोरक्षनाथ तरी काय वेगळा? सोपानला मात्र तो रस्ता पाठ झाला. डेस्कटॉपवर जायचं, आर दाबायचा, फिरंगी म्हणणार ‘रिसायकल बिन’, एंटर, खालच्या बाणानं फाईल शोधायची, ऑल्ट धरून एफ, मग ई, की फाईल जिथली तिथं परत. तिथं जाऊन उघडायची, ऐकायची. आणि कुणाची चाहूल लागली की ऑल्ट-एफ-फोर, डिलीट, एंटर. हे शेवटचं तर इतकं हातात बसलं की डास बसल्यावर चापट बसावी तसं आपसूक व्हायचं. ‘अमुक फाईल कचरापेटीत पाठवू का?’ असं फिरंगी दर वेळी विचारायचा, पण त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत सोपानचं बोट एंटरवर पडलेलं असायचं.

वर्षभरात अशी एकवीस पत्रं जमली. मे अठ्ठ्याण्णवमध्ये ज्योतीचं लग्न झालं. जावई सचिन नगरच्या एमआयडीसीत फिटर, निर्व्यसनी, बोलायला मऊ. नागापूरला भाड्याची खोली. सगळं ठीक. आणि सोपानच्या शनिवारचं मात्र वाटोळं झालं.

शनिवारी दुपारी एकला कॉलेज सुटे. अजिनाथ त्याला न्यायला एमएटी स्कूटर घेऊन दोन-अडीचला येई. मधला वेळ सोपान हेडफोन लावून कचरापेटीत शिरे. एक पत्र बाहेर काढायचं, ऐकायचं, परत टाकायचं. दुसरं काढायचं. पाठ झाली होती सगळी, फिरंगीच्या आधी ओठ हलायचे. घरी माणसांची कमी नव्हती. भाऊ होता, बनुबाई होती, शेळ्या होत्या, रेडिओ होता. सगळे त्याच्याशी बोलत, "दादा, पाय उचला", "दादा, पाणी उजव्या हाताला हाय." पण त्याच्याशी म्हणून बोलणारं कुणी उरलं नव्हतं. ज्योती दोन महिन्यांतून एकदा येई, ती सणासुदीच्या गर्दीत. फोन? टेलिफोन ऑपरेटर असून पोरीला फोन करता येत नव्हता, हा दैवाचा कोडगेपणा बघा. तिच्या घरमालकाकडं फोन होता, पण बोलवायला सांगितलं की मालकीण रिसीव्हर आपटायची. आणि ज्योती स्वतः मनातलं तोंडानं बोलणारी नव्हतीच. बोलायला गेली की आधी रडू यायचं. तिचं सगळं लिहिण्यात.

संक्रांत होऊन चार दिवस झाले होते. गोरक्षनाथनं डाक फोडली आणि मोठ्यानं म्हणाला, "साळवे, तुमच्या नावानं पाकीट. आत फ्लॉपी हाय हो! विद्यापीठानं पाठवली का काय तुमाला?"

सोपाननं घाईनं हात पुढं केला. "पोरीनं पाठवली आसंल. फोन नंबर लिवून मागितले हुते मी."

"लई हायफाय काम चाललंय बापलेकीचं," गोरक्षनाथ म्हणाला आणि फ्लॉपी त्याच्या हातात दिली. पण दिवसभर तो हालला नाही. सोपाननं सहा तास ती चौकोनी चपटी वस्तू शर्टाच्या खिशात जपली. शेवटी पाचला गोरक्षनाथची चप्पल जिन्यावरून खाली गेल्याचं ऐकू आलं, तेव्हा त्यानं हेडफोन चढवले, फ्लॉपी आत सरकवली. घरघर झाली. एकच फाईल. एंटर.

"बाबा," फिरंगी म्हणाला, "हे पत्र तुमी एकट्यानंच वाचा. काकांना, काकूला कळू देऊ नका. मी लई दिवस मनात ठेवलं, आता ऱ्हाववत न्हाई. तोंडानं सांगायला जमणार न्हाई म्हणून इथल्या एका क्लासात बसून लिवते. बाबा, इथं आल्यापासनं मला—"

जिन्यावर चप्पल. वरच्या पायरीवर. गोरक्षनाथ डबा विसरला होता.

ऑल्ट-एफ-फोर. डिलीट. एंटर. फिरंगी काहीतरी विचारायला लागला होता, पण त्याचं ऐकतंय कोण? सोपाननं फ्लॉपी खटकन बाहेर काढून खिशात टाकली आणि टेलिफोनच्या बोर्डाशी उगाच चाळा करत बसला.

"काय, नंबर मिळाले का?" गोरक्षनाथनं विचारलं.

"मिळाले."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यानं कचरापेटी उघडली. एकवीस. त्यानं वरून खाली मोजली, खालून वर मोजली. एकवीसच. बाविसावं नाही. फ्लॉपी परत आत घातली, तर फिरंगी म्हणाला, आत काही नाही. शोधायची कळ दाबून अख्खा कॉम्प्युटर धुंडाळला, फिरंगी शांतपणे म्हणाला, शून्य फायली. सोपाननं हेडफोन उतरवले. त्यानं बोर्डावरून ज्योतीच्या जुन्या क्लासला फोन लावला आणि आवाज होईल तेवढा साधा ठेवून विचारलं, "सर, फ्लॉपीवरची फाईल पुसली तर कचरापेटीत कुठं शोधायची?"

"फ्लॉपीची फाईल कचरापेटीत जातच न्हाई हो. थेट पुसली जाते. कचरापेटी फक्त आतल्या डिस्कला."

"आन काढायची झाली तर?"

"काही प्रोग्राम असतात, निघाली तर निघती. पण कोणती फाईल ते उघडून वाचून बघावं लागतं. आणा इकडं, मी वाचून देतो की."

मी वाचून देतो! सोपाननं रिसीव्हर खाली ठेवला. आता त्याला कळलं, फिरंगी काल काय विचारत होता. नेहमी विचारतो ‘कचरापेटीत पाठवू का’. काल विचारत होता ‘पुसून टाकू का’. भला माणूस बिचारा, विचारून करत होता. आपल्याच हाताला दम नव्हता.

फ्लॉपी क्लासला न्यावी का? चार रात्री तो कूस बदलत राहिला. काढून मिळेलही. पण आधी ते सर वाचणार. आणि पोरीनं काय लिहिलं असेल त्यात? इथं आल्यापासनं मला. मला काय? मारतात? उपाशी ठेवतात? सासरचं जे काही बाई आपल्या बापालासुद्धा तोंडानं सांगू शकत नाही, ते श्रीरामपुरातल्या परक्या पुरुषानं मोठ्यानं वाचायचं? ‘तुमी एकट्यानंच वाचा’ म्हणाली होती. तिचं हे एवढं एक ऐकायचं आपल्या हातात होतं. त्यानं फ्लॉपी नेली नाही.

मग त्यानं बनुबाईकडून आंतरदेशीय लिहवून घेतलं. "खुशाल हाय का, कळव." बनुबाईनं आपल्या मनचं चार ओळी जास्तीचं घातलं, ते वेगळं. आठ दिवसांनी उत्तर आलं. ओट्यावर वाचन झालं. "‘आम्ही सर्व खुशाल. बाबांना विचार, पाकीट मिळालं का? त्याचं काही कळलं नाही.’ कसलं पाकीट ओ दादा?"

"फोटो," सोपान म्हणाला.

"कुठं हायेत? आमाला न्हाई दावले!"

"हापिसात ऱ्हायले." आणि आता काय सांगायचं? बाया बसलेल्या, अजिनाथ दारात. ‘पाकीट मिळालं, पण वाचता आलं नाही’ असं लिहायला सांगितलं असतं तर बनुबाईनं आधी पाकिटात काय होतं ते उकरून काढलं असतं. तो म्हणाला, "लिव, पाकीट मिळालं." बनुबाईनं लिहिलं. पत्र गेलं. पत्र गेल्यावर सोपानला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं लिहून पाठवलं. पण काय चुकीचं, ते त्याला कळेना.

त्यानंतर पत्रच आलं नाही. एक आठवडा, दोन आठवडे. पोर त्याच्या उत्तराची वाट बघत असणार, ह्या विचारानं त्याला भाकर गोड लागेना. शेवटी फेब्रुवारीतल्या तिसऱ्या रविवारी तो म्हणाला, "मी ज्योतीकडं जाऊन येतो."

"मी येतो की संगं," अजिनाथ म्हणाला.

"नगं. तू शेळ्या बघ. मी एकटा जातो."

"डोस्कं फिरलं का दादा तुमचं?" बनुबाई ओरडली. "स्टँडावर माणसं तुडवून जातील!"

डोळे गेल्यापासून सोपाननं एकट्यानं एसटीत पाय ठेवला नव्हता. पण भावाला बरोबर नेला तर बोलायचं काय? अजिनाथनं नाइलाजानं त्याला नगरच्या गाडीत बसवलं आणि कंडक्टरला दहा वेळा बजावलं. राहुरी गेली, विद्यापीठ गेलं, आणि वाटेत सोपान एकच मनाशी घोटत होता. पोर हो म्हणाली तर तिला आजच घेऊन यायचं. गाव काय म्हणेल, जावई काय म्हणेल, सगळं गेलं चुलीत. एक आंधळा बाप तेवढं तर करू शकतो.

नागापूरच्या स्टॉपवर कंडक्टरनं उतरवून दिलं. एका पानटपरीवाल्यानं हाताला धरून घर गाठून दिलं. ज्योतीनं दार उघडलं आणि "बाबा!" म्हणून किंचाळली. "एकटं? एकटं आलात?" तिनं त्याचे दोन्ही हात धरले. सोपाननं हळूच तिची मनगटं चाचपली. बांगड्या होत्या. मनगट पूर्वीपेक्षा भरलेलं होतं. मार खाणाऱ्या पोरीचं मनगट असं असतं का?

घरात अजून कुणीतरी होतं. खोकल्यावरून म्हातारं माणूस. "या इवाईबुवा," आवाज आला. ती सचिनची आई झुंबरबाई, घोडेगावकडची. आठ दिवसांपूर्वीच कायमची राहायला आली होती. सचिननं पाया पडून "मामा, बसा" म्हणून खुर्ची पुढं केली. सोपान बसला आणि कान लावून बसला. डोळ्यांचा बाप असता तर एका नजरेत सगळं बघितलं असतं. याला वास, आवाज, भांड्यांचं आपटणं यावरून पोरीचा संसार वाचायचा होता. भांडी आपटत नव्हती. झुंबरबाई सुनेला "बाई" म्हणून हाक मारत होती. सचिन कांदा चिरून देत होता, हे आवाजावरून कळलं. मटणाचा रस्सा झाला होता. ज्योती हसत होती. सोपानला वाटलं, आपल्यासमोर नाटक चाललंय. त्यानं जेवताना जावयाला एकदा मुद्दाम टोचलं, "आमची पोर हट्टी हाय, तुमाला तरास देत आसंल." सचिन म्हणाला, "हट्टी तर हायच मामा. पण बरोबर असती दर टायमाला, काय बोलणार?" आणि तिघं हसले. सोपान हसला नाही.

संध्याकाळी चारला ज्योती त्याला स्टॉपवर सोडायला निघाली. सचिन म्हणाला, "बापलेकीला बोलू द्या, मी मागं येतो." रस्त्यावर टेम्पोंची वर्दळ होती. स्टॉपवर कुणी नव्हतं. सोपाननं तिचा हात घट्ट धरला.

"ज्योते, आता कुणी न्हाई. खरं सांग. तुला तरास हाय का?"

"मला? न्हाई बाबा. कसला तरास?"

"मग तू ते लिवलंस—"

ज्योतीनं विचारलं, "तुमी वाचलं ना बाबा ते?"

हा क्षण होता बघा. खरं बोलायचं तर इथंच. पण सोपानला लाज वाटली. जिनं डोळे मिटून एकेक कळ शिकवली, तिला कसं सांगायचं की तुझं पत्र मी अर्धं ऐकून पुसलं? तो म्हणाला, "व्हय. वाचलं."

"मग झालं की," ज्योती म्हणाली. आवाज मऊ होता. "मी वाट बघितली पंधरा दिवस. मग तुमचं आलं, पाकीट मिळालं, एवढंच. मग मी समजले. मला राग न्हाई आला बाबा, देवाशपत. यांनीच मला म्हणलं हुतं, बाबांना आपल्याकडं आणू, तुझं तिकडं चित्त ऱ्हातं. दोन खोल्या त्याच्यासाठीच घेतल्या. तुमच्याच संस्थेच्या इथल्या कॉलेजात ऑपरेटरची जागा रिकामी हुती, मी जाऊन इचारून आले, बदलीचा अर्ज महिनाअखेरपर्यंत द्यायचा हुता. पण काका-काकूनं एवढी वर्षं सांभाळलं, त्यांच्या कानावर गेलं असतं तर म्हणले असते पोरीनं फितवलं. म्हणून आधी तुमचं एकट्याचं मन इचारलं. तुमी नगं म्हणलात तर कुणाला कळायचं कामच न्हाई."

टेम्पो जात होते, येत होते.

"ती जागा?" त्यानं विचारलं.

"भरली की. गेल्या आठवड्यात. मग यांनी सासूबाईंना आणलं, खोली रिकामीच पडली हुती." तिनं नाक ओढलं. "इथं आल्यापासनं मला घर खायला उठायचं बाबा, तुमच्यावाचून. तेच लिवलं हुतं. तुमाला वाटलं आसंल, ही संसार करती का रडती."

इथं आल्यापासनं मला घर खायला उठायचं, तुमच्यावाचून. असं होतं तर ते वाक्य! तिच्यासाठी भीत भीत महिना काढला त्यानं, आणि पत्र होतं त्याच्यासाठी. सोपानला ओरडावंसं वाटलं की मी नाही म्हटलंच नाही ग, मी वाचलंच नाही! मी धावत आलो असतो, रांगत आलो असतो. जिभेच्या टोकावर आलं होतं. पण पोरीला त्यानं चांगलं ओळखलं होतं. त्यानं हे सांगितलं की ती पहिलं काय म्हणणार? ‘फ्लॉपीचं कचरापेटीत जात न्हाई, हे मी तुमाला शिकवलंच न्हाई, बाबा.’ युक्ती तिची, फ्लॉपी तिची, शिकवणी तिची. जागा गेली ती गेली. उरलेल्या जन्मात ती रोज पोळ्या लाटताना स्वतःला बोल लावणार. त्यापेक्षा बाप हट्टी म्हणालेली बरी. बापाला पोरी विसरतात, माफ करतात. स्वतःला नाही करत.

"मला आपलं श्रीरामपूरच बरं गं," तो म्हणाला. "पायाखालचा रस्ता हाय. गोरक्षनाथ हाय, बोर्ड हाय. बनी भाकरी टाकती. इथं मला करमायचं न्हाई."

"व्हय बाबा," ज्योती म्हणाली. "मला वाटलंच हुतं." आणि ती रडत नव्हती असं दाखवायला खोकली.

सचिन पळत आला, हातात संत्र्याची पिशवी. गाडी आली. दोघांनी मिळून त्याला वर चढवलं, दाराजवळच्या सीटवर बसवलं. "पोचल्याचं कळवा मामा." "पत्र लिवा बाबा, काकूकडनं." गाडी हालली. ज्योतीचा आवाज थोडा वेळ खिडकीबरोबर चालला, मग गाडीनं गिअर बदलला.

कंडक्टर आला. सोपाननं सवलतीचा पास पुढं केला. कंडक्टरनं तो उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाला, "बाबा, तुमच्याबरोबरच्या माणसाला बी सवलत असती. सोबती कुठं बसलाय?"

"सोबती न्हाई," सोपान म्हणाला. "एकच द्या."